पुढच्या चाकावरचं कुंकू

पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर दगडासारखा घट्ट लागायचा आणि गाडी मात्र पुढे जातच राहायची. ज्यांनी कधी मोटरसायकल चालवलेली नाही त्यांना यातली भीती कळायची नाही. वायर तुटली, ऑइल गळालं, तर हाताला कळतं. लिव्हर फुसका पडतो. इथे हाताला सगळं ठीक वाटत असतं, आणि समोरचा ट्रक जवळ येत असतो.

वसुबारसेच्या दिवशी सकाळी मी असा पिरंगुटचा घाट उतरलो. दुसरा गिअर, नुसता मागचा ब्रेक, आणि पाठीमागे हॉर्न वाजवणारा डंपर. भूगावातल्या आमच्या फ्लॅटपासून भरे गाव काही लांब नाही, पण त्या दिवशी तो घाट संपता संपेना. भऱ्यातल्या ज्या मिस्त्रीकडे मी निघालो होतो, त्याचं तोंड मी वर्षभर पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे जाऊ नका, असं बायकोने बजावलेलं होतं. तरी निघालो होतो, कारण पाच दिवसांवर भाऊबीज आली होती आणि त्या दिवशी माझा मेहुणा हीच गाडी घेऊन माले गावाजवळचा मातीचा उतार उतरणार होता. गेल्या भाऊबीजेला तो त्याच उतारावर, याच गाडीवरून पडला होता.

का पडला, हे मला माहीत होतं. फक्त मलाच.

आधी गाडीचं सांगतो. मी सोलापूरकडचा, नोकरीसाठी इकडे आलो, हिंजवडीतल्या ऑफिसात बसून बसून पोट सुटलं. पंचेचाळिशीत एका सहकाऱ्याने परदेशी जाताना आपली डर्ट बाइक विकायला काढली आणि मी ती घेतली. उंच, हडकुळी, खडबडीत टायरांची. बायको म्हणाली, "अहो, स्टूल घेऊन फिरणार का बरोबर, चढायला?" रविवारी सकाळी माल्याच्या बाजूला जायचं, बांधाबांधाने, कच्च्या रस्त्याने तासभर भटकायचं आणि परत यायचं. तेवढ्या वेळात कुणी माझ्याशी बोलायचं नाही, हेच मला आवडायचं. मुळात मी बोलणारा नव्हे. बायको म्हणते, तुमच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे बंद पडलेली गिरणी हाताने फिरवण्यासारखं आहे. गिरणी म्हणते, कारण माझ्या वडिलांची गावात पिठाची गिरणी होती.

मेहुणा पडला त्या वर्षी दसऱ्याच्या दोनच दिवस आधी त्या मिस्त्रीने पुढचे ब्रेक-पॅड बदलून दिले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पुढच्या चाकाला एक लोखंडी तबकडी असते, डिस्क, ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. मिस्त्री माझ्याच वयाचा, घराला लागून पत्र्याची शेड. नवे पॅड कडेला धरून त्याने मला दाखवले आणि म्हणाला, "सायेब, येक ध्येनात ठिवा. ह्येला तेल दावायचं न्हाई. चेनला तेल मारताना फडकं धरा हितं. पॅड तेल पिलं की त्यो गेला."

मी मान हलवली.

दसऱ्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्यांनी गाड्या धुतल्या. मीही धुतली. झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. टाकीवर हळदीकुंकू वाहिलं. पुढची डिस्क धुऊन पितळी ताटासारखी चमकत होती. तिच्यावर स्वस्तिक काढावंसं वाटलं. पण कुंकू त्या गुळगुळीत लोखंडावर टिकेना, गळून पडत होतं. मग आठवलं, वडील गिरणीच्या मोठ्या चाकावर कुंकू तेलात कालवून काढायचे. वर गेलो, देवघरातलं तिळाचं तेल पळीत घेतलं, कुंकू कालवलं आणि खाली येऊन डिस्कवर दोन्ही बाजूंनी छान ठसठशीत स्वस्तिकं काढली. बोटावरचं उरलेलं पुसायला म्हणून कडेने दोन पट्टेही ओढले.

मिस्त्रीचं बोलणं मी विसरलो होतो असं नाही. ते मला त्या वेळी आठवलंच नाही, कारण माझ्या लेखी ते तेल नव्हतंच. ती पूजा होती. तेल म्हणजे डब्यातलं, काळं, चेनला मारायचं. गिरणीचं चाक थांबवायला त्याला कुणी चिमटीत धरत नाही, एवढा साधा विचार शिकल्यासवरलेल्या माझ्या डोक्यात आला नाही.

पुढच्या रविवारी उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी घसरत गेली तशी जातच राहिली. कशीबशी बांधाला टेकवली. उतरून डिस्कला बोट लावलं. बोट लालसर, तेलकट. त्या क्षणी मला सगळं कळलं, मिस्त्रीचं वाक्यसुद्धा शब्दन् शब्द आठवलं. मी रुमालाने डिस्क पुसली आणि घरी आलो. कुणाला सांगितलं नाही. मिस्त्रीकडे जायला लाज वाटली. एवढं बजावून सांगितलं आणि ह्या शहाण्याने काय केलं, असं तो म्हणेल. होईल झिजून कमी, असं स्वतःला सांगितलं.

मग भाऊबीज आली. मेहुणा आला. ओवाळून झालं, जेवण झालं आणि तो किल्ली फिरवत उभा राहिला.

"दाजी, एक चक्कर मारून येतो. का जीव अडकलाय गाडीत?"

"घेऊन जा की," बायकोच बोलली. "तुझे दाजी तिला रोज नुसती पुसतात."

दोघं हसली. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, की पुढचा ब्रेक कच्चा आहे, आज नको. पण त्यापुढे, का? असा प्रश्न आला असता. मग स्वस्तिक आलं असतं, मग आणखी हसणं. मी म्हणालो, "हळू जा." बस्स.

त्याच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. प्लेट टाकावी लागली. उजवा हात अजूनही खांद्याच्या वर जात नाही. शर्ट घालताना तो आधी उजवी बाही चढवतो, मग बाकीचा शर्ट अंगावर ओढतो. मी पाहिलंय.

दवाखान्यात तो शुद्धीवर होता. "दाजी, ब्रेक लागलाच नाही ओ. दाबला, पूर्ण दाबला." आणि मी म्हणालो, "महिन्यापूर्वीच नवे पॅड टाकून घेतले होते त्या भऱ्याच्या मिस्त्रीकडून."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. वर्षभर मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी खोटं बोललो नाही.

बायकोने तिथेच कॉरिडॉरमध्ये मिस्त्रीला फोन लावला. ती कधी कुणाला वेडंवाकडं बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "काम जमत नसेल तर दुकान बंद करा. माझ्या भावाचा जीव गेला असता आज." मी शेजारी उभा होतो. भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं चित्र होतं, ते मी वाचत होतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री दवाखान्यात आला. दोन शहाळी आणली होती, ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना. बायकोने तोंड फिरवलं. तो मला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, "सायेब, रातभर इचार केला. पॅड म्याच टाकलं. बोल्ट आवाळला का न्हाई, हवा काडली का न्हाई, सगळं आठवून बगितलं. कुटं चुकलं, कळंना. पर चुकलं आसंल." त्याने हात जोडले.

आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "जाऊ द्या."

मी त्याला माफ केलं! हे लिहितानासुद्धा मला उठून दोन वेळा पाणी प्यावं लागलं आहे.

गाडी टेम्पोत घालून आणली आणि पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हरखाली ठेवली. वर्षभर तशीच. पुढच्या दसऱ्याला तिच्याकडे मी बघितलंही नाही. मग मेहुण्याचा फोन आला. "दाजी, भाऊबीजेला गाडी तयार ठेवा. त्याच उतारावरून उतरायचंय. हात बरा झाला, पण रस्त्यात साधा खड्डा आला तरी गाडी थांबवतो. एकदा उतरलो की जाईल ती भीती."

मी नाही म्हणू शकलो असतो. पण नुसतं नाही म्हणून तो ऐकणारा नव्हता, त्याला कारण लागलं असतं.

त्या आठवड्यात मी भांड्यांच्या साबणाने डिस्क धुतली. मग पेट्रोलने पुसली. फडकं पांढरं निघेपर्यंत पुसली. पार्किंगमध्ये गाडी चालवून पाहिली. ब्रेक तसाच कच्चा. आणि आता जे सांगतो ते या सगळ्यात मला सर्वांत जड जातंय. मला आनंद झाला. डिस्क स्वच्छ आहे, तेल उरलेलं नाही, तरी ब्रेक लागत नाही. म्हणजे दोष तेलाचा नव्हताच! मिस्त्रीचंच काहीतरी चुकलं असणार. मी वर्षभर उगीच जळत होतो. त्याच्याच तोंडून ते ऐकायचं म्हणून मी वसुबारसेला घाट उतरलो. गाडी दुरुस्त करायला, असं मी स्वतःला सांगत होतो खरा, पण मला सुटका हवी होती.

शेडमध्ये तो एका स्कूटरचं पंक्चर काढत होता. मला बघून उठला. हातातलं टायर खाली ठेवायचं त्याला सुचेना.

"सायेब."

"पुढचा ब्रेक बघायचाय," मी म्हणालो. "तसाच आहे."

तो गाडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ब्रेकचं काम सोडलं म्या."

"म्हणजे?"

"तवापासनं न्हाई हात लावला. पंचर, ऑइल, चेन, येवढंच. गावातली समदी हसत्यात, मिस्त्री ब्रेकला भितुया. भितुयाच मी." त्याने टायर खाली ठेवलं. "पर ही गाडी व्हय म्हना का न्हाई म्हना, माझ्याच हातची हाय. बगतो. तुमी मात्र हितं हुबं ऱ्हा. मी काय काय करतो ते बगा. मागनं कुनी म्हनाय नको."

तो गाडीवर बसला, पुढचा ब्रेक दाबून धरला आणि मला मागून ढकलायला सांगितलं. मी ढकललं. चाक सावकाश, तक्रार न करता फिरलं.

"लिव्हर तर खडक हाय," तो म्हणाला. "म्हंजी पायपात हवा न्हाई. तरी काडू." त्याने बारकी पारदर्शक नळी लावली, तिचं टोक बाटलीत सोडलं, आणि मी लिव्हर दाबायचो, तो नट सोडायचा-आवळायचा. एकही बुडबुडा आला नाही. मग त्याने ब्रेकचा पाइप मुठीत धरला, "दाबा," म्हणाला. पाइप फुगत नव्हता. कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ठेवणारा चिमटा, काढून त्याच्या आतले दट्टे बघितले. दोन्ही बरोबरीने बाहेर येत होते. ज्या दांड्यांवर तो चिमटा सरकतो त्या दांड्या बोटाने सरकवून दाखवल्या. प्रत्येक वेळी तो वर बघून म्हणायचा, "हे ठीक हाय. बगितलं न्हवं तुमी?" आता काय उरलंय, ते मी मोजत होतो. थोडंच उरलं होतं.

शेवटी पॅड. जाड होते, जवळजवळ नवे. पण वरचा भाग काळा आणि काचेसारखा चकाकणारा. त्याने ते उजेडात धरले. "काच चडलीया." घासपेपरवर घासून त्याने ते खरखरीत केले, बसवले आणि गल्लीत एक चक्कर मारून आला. येताना दोन्ही पाय जमिनीवर घासत थांबला.

"पयल्यांदा धरला, मग त्येच." त्याच्या कपाळावर घाम होता. तो माझ्याकडे न बघता बोलू लागला. "डुप्लिकेट माल आसंल. व्हय. दुकानदारानं डुप्लिकेट दिला आसंल आन मला वळखाय आला न्हाई. न्हाईतर... सायेब, डिस्कला काय लागलं तर नव्हतं कदी?"

"नाही," मी म्हणालो.

विचारल्याबरोबर. जिभेवर तयारच होतं.

त्याने मान डोलावली. माझ्या शब्दावर त्याने क्षणभरही शंका घेतली नाही. किक मारत म्हणाला, "मागच्या टेकाडाचा उतार हाय. थितनं उतरून बगतो. उतारावर काय व्हतंय ते उतरल्याबिगर कळायचं न्हाई."

"नका जाऊ."

"आवो, चालवतोय की रोज. काय हुतंय?"

त्या टेकाडाच्या पायथ्याशी दगडी बांध होता, शेडमधून दिसत होता. तो निघाला. गाडी चार हात पुढे गेली आणि मी धावलो, मागची सीट दोन्ही हातांनी धरली. तो पडता पडता वाचला, "आवो सायेब!" म्हणून ओरडला.

मी म्हणालो, "मी तेल लावलं होतं. दसऱ्याला. कुंकू तेलात कालवून डिस्कवर स्वस्तिक काढलं होतं. आणि मला माहीत होतं. तो पडायच्या आधीच माहीत होतं."

त्याने गाडी बंद केली. उतरला. स्टँड लावला. पान्याने दोन्ही पॅड सोडवले. मग एक पॅड पकडीत धरून त्याने गॅसची बारकी शेगडी पेटवली आणि पॅड ज्वाळेवर धरला. आधी काहीच झालं नाही. मग त्या काळ्या पृष्ठभागावर घामासारखे बारीक थेंब आले, चरचरले, आणि निळसर धूर निघाला. समई विझवल्यावर येतो तो वास. आमच्या देवघराचा वास, त्या पत्र्याच्या शेडमध्ये. मी वरवरची डिस्क धुतली होती. तेल पॅडने केव्हाच पिऊन टाकलं होतं.

"वर्सभर," मिस्त्री म्हणाला. "वर्सभर मी रातचा उठून बसायचो. कुटला बोल्ट ऱ्हायला म्हनून."

मी काहीतरी पुटपुटलो. त्याने हात वर करून थांबवलं.

"तुमी त्या दिशी मला 'जाऊ द्या' म्हनला हुता."

"हो."

"मला वाटलं, लई मोटा मानूस."

त्याने पॅड गार होऊ दिला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या हातात ठेवला. "गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. नवं पॅड टाकतो, डिस्क घासून देतो. पर तुमच्या हातात न्हाई देनार. ताईस्नी आन मेव्हन्याला घिऊन या. चावी त्येंच्या हातात देतो."

मी वडापच्या जीपमध्ये बसून परत आलो. बायकोने विचारलं, "गाडी कुठंय?" म्हटलं, कामाला टाकलीय. "कुणाकडे?" मी आंघोळीला गेलो. ती पुडी ऑफिसच्या बॅगेत होती. धनत्रयोदशीला बॅगेतच, लक्ष्मीपूजनाला बॅगेतच. पाडव्याला बायकोने मला ओवाळलं, मी ताटात पाकीट ठेवलं, आणि पुडी बॅगेत. रोज ठरवायचो, आज. दोनदा तर तिला हाकही मारली. "काय ओ?" "काही नाही, पाणी."

भाऊबीजेला मेहुणा सकाळीच आला. पाटावर बसला. त्याने टोपी घालायला हात उचलला, तो खांद्यापाशी थांबला, मग त्याने डाव्या हाताने टोपी घातली. बायको निरांजनात तेल घालत होती. तीच बाटली, तिळाच्या तेलाची.

मी जाऊन बॅगेतून पुडी आणली आणि ओवाळणीच्या ताटाशेजारी उघडून ठेवली.

"हे काय घाण आणलंत?" बायको म्हणाली.

मी सांगितलं. उभं राहूनच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. स्वस्तिक, रुमाल, "हळू जा", दवाखान्यातलं वाक्य, मिस्त्रीची शहाळी. किती वेळ लागला माहीत नाही. मी आयुष्यात एका दमात इतकं कधी बोललो नव्हतो.

मेहुणा पाटावर बसूनच होता. त्याने पॅड उचलला, वास घेतला, परत ठेवला. "दाजी," तो म्हणाला, "एवढंच म्हणायचं होतं ना, की ब्रेक कच्चा आहे. मी गेलो नसतो ओ."

बायको मात्र माझ्याकडे बघत होती. "तुम्ही शेजारी उभे होता," ती म्हणाली. "मी त्या माणसाला काय काय बोलले, आणि तुम्ही शेजारी उभे होता."

तिने भावाला ओवाळलं. माझ्याशी त्यानंतर बोलली नाही. ताट खाली ठेवून तिने सणाची साडी न बदलताच चप्पल घातली आणि म्हणाली, "चल रे, भऱ्याला जायचंय." भावाला म्हणाली. मी मागून गेलो.

शेडपाशी गाडी धुऊन उभी होती. मिस्त्रीने चावी मेहुण्याच्या हातात दिली. "बसा. जाग्यावरच दाबा आदी. न्हाई, जोरात. सायेब, ढकला."

मी मागून ढकललं. पूर्ण ताकद लावली. चाक तसूभर हललं नाही, गाडीचं नाक तेवढं खाली वाकलं.

"आन आता हाताला कळू द्या," मिस्त्री मेहुण्याला म्हणाला, "उजव्या हाताला. त्यो भ्यालाय, त्येला सांगा." मेहुणा गल्लीत दोन चकरा मारून आला, मग टेकाडाकडे गेला. आम्ही तिघं शेडच्या दारात. उतार इथून पूर्ण दिसत होता. तो वर जाऊन थांबला, बराच वेळ थांबला. बायकोने माझा हात नव्हे, शेडचा खांब धरला होता. मग तो उतरू लागला, मधेच थांबला, पुन्हा उतरला, पुन्हा थांबला. बांधाच्या कितीतरी अलीकडे थांबला. खालून त्याने हात वर केला. खांद्यापर्यंतच गेला.

"दादा," बायको मिस्त्रीला म्हणाली, "मी फार वाईट बोलले तुम्हाला."

"तुमचं काय चुकलं ताई? तुमास्नी जे सांगितलं त्येच्यावर बोलला तुमी."

तेवढ्यात गावातला एकजण स्कूटर घेऊन आला. "काय मिस्त्री, येवडी मान्सं! ब्रेक बगतुया का आज, का आजून भ्या वाटतंय?"

मिस्त्रीने साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा. "ठिव तितं," तो म्हणाला.

मी त्याच्याजवळ गेलो. माफी मागितली, या वेळी पूर्ण वाक्यात. त्याने ऐकून घेतलं. मान हलवली. आणि स्कूटरचं चाक खोलायला बसला. "जाऊ द्या" हे त्याने म्हटलं नाही. या गोष्टीला अनेक महिने झाले. मी दर महिन्याला गाडी दाखवायला जातो, तो काम चोख करून देतो, चहाही सांगतो. अजून म्हटलेलं नाही.